उद्यमनगरातले बोअरिंगवाले मामा आणि आमची 1983 ची पद्मिनी

आधी कामाचं सांगते. कोल्हापुरात जुन्या गाडीचं इंजिन बोअर करायचं (झिजलेल्या सिलिंडरची भोकं, म्हणजे बोअर, थोडी मोठी आणि सारखी कोरायची) असेल, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ग्राइंड करायचा असेल, हेड (सिलिंडरवरचं झाकण) फेस करून, म्हणजे सपाट करून हवं असेल, तर शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत एक पत्र्याचं शेड आहे, तिथं जा. बोर्डावर दुकानाचं नाव नाही. ‘सिलिंडर बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग’ एवढंच रंगवलंय. पण गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर ‘बोअरिंगवाले मामा’ म्हटलं की कुणीही दाखवतं.

मी इचलकरंजीत हायस्कूलला गणित शिकवते. गाड्यांतलं मला दोन वर्षांपूर्वी काहीही कळत नव्हतं. माझी लेक सई पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करते. तिला हे वेड लहानपणीच लागलं. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते, ती बघायला मी तिला नेलं होतं. सगळी पोरं सोनं लुटायला धावली आणि ही त्या गाडीमागं चालत राहिली.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी कागलला गोठ्याशेजारच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. 1983 चं मॉडेल, कुर्ल्याच्या कारखान्यातलं. अण्णांनी ती नंबर लावून, वाट बघून घेतली होती आणि तिच्यातून आम्ही सगळं घर जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला, पंढरपूरला गेलो. ते गेल्यावर कुणी हात लावला नाही. सई म्हणाली, “आई, आपण दोघी उघडूया.” मी हो म्हणाले. मला वाटलं होतं, सुट्टीपुरतं असेल.

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतलं, आठ दिवस मुरू दिलं, मग गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून पुढंमागं ढकलत बसलो. नवव्या दिवशी चाकाबरोबर पंखा हलला. त्या क्षणी सईनं जी आरोळी ठोकली ती शेजारच्या वाड्यात ऐकू गेली.

आधी आम्ही एका मोठ्या गॅरेजात विचारलं होतं. त्यांनी बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, “हे इंजिन संपलंय, दुसऱ्या गाडीचं बसवून देतो.” मोजमाप काही नाही. खरं सांगायचं तर सईला तो सल्ला आधी आवडला होता. अमेरिकेतली हॉट रॉड, म्हणजे फेरफार करून वेगवान केलेल्या जुन्या गाड्या, ती रोज बघायची. 1932 ची फोर्ड घ्यायची, छप्पर कापून खाली आणायचं, मोठं व्ही-8 बसवायचं, रुंद टायर घालायचे. तिकडं बापलेक गॅरेजात वर्षानुवर्षं हेच करतात आणि त्यातलं कौशल्य मला आता कळतं. पण आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीनं दिलेला मूळ तपशील बदलणारा फेरफार आपल्या मनानं करता येत नाही, आणि इंजिन बदललं तर आरसीवर नोंद लागते. शिवाय मला अण्णांच्या गाडीचा तोच आवाज परत हवा होता.

मग ब्लॉक (सिलिंडर असलेलं इंजिनाचं धड), क्रँक, हेड सगळं छोट्या हत्तीत घालून मामांकडं नेलं.

मामांचं वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी आम्हाला पहिलं वाक्य सांगितलं ते असं: “ताई, मोजल्याबिगर मी कायबी सांगत न्हाई.” सईला जवळ बोलावून म्हणाले, “पोरी, बोअरच्या वरच्या काठापास्नं नख खाली आण.” तिनं आणलं. मग माझंही बोट धरून लावायला सांगितलं. काठाच्या किंचित खाली नख अडलं. बारीकशी पायरी होती तिथं. पिस्टनची वरची रिंग जिथं थांबून उलटी फिरते तिथं उष्णता सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी, म्हणून भिंत तिथंच झिजते. त्याच्या वर रिंग पोचत नाही, म्हणून तो काठ न झिजता राहतो. हे त्यांनी आम्हाला नखानं शिकवलं.

नंतर बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन आलं. मूळ बोअर 68 मिलिमीटर. वर 0.22 ची झीज, खाली जवळजवळ नाही. चारही सिलिंडर, प्रत्येकी तीन उंचीवर, आडवं आणि उभं. चोवीस आकडे मामांनी खडूनं ब्लॉकवर नाही, एका लांब वहीत लिहिले आणि सईकडून पुन्हा मोजून घेतले. तिचे दोन आकडे चुकले. “गेज वाकडं धरलंस, परत घाल,” एवढंच म्हणाले. वीस वर्षं मी पोरांना ‘उत्तर तपासा’ सांगत आलेय, पण उत्तर इतक्या शांतपणे तपासून घेणारा माणूस मी फार बघितला नाही.

निर्णय 0.50 ओव्हरसाइजचा, म्हणजे बोअर मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा करायचा झाला. पण पिस्टन हातात आल्याशिवाय त्यांनी बोअरिंगला हात लावला नाही, आणि दुकान निवडताना हीच गोष्ट बघा असं मी सांगेन. पिस्टन प्रत्यक्ष मोजायचा आणि त्याच्या मापाला बोअर काढायचा. डब्यावर छापलेल्या आकड्यावर जायचं नाही. पिस्टन मिळवायला आम्हाला दीड महिना लागला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, मग पिस्टन सहज कुठून मिळणार? तिथून मागवलेला पहिला सेट मामांनी सोनाराच्या असतो तसल्या छोट्या काट्यावर ठेवला. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा 11 ग्रॅम जड निघाला. “हे बसवलं तर गाडी थरथरणार,” म्हणून परत पाठवायला लावला. दुसरा सेट जुळला.

सईनं त्या रात्री जेवताना वहीत गणित मांडलं. बोअर 68 वरून 68.5, स्ट्रोक 75 तसाच, चार सिलिंडर. 1089 सीसीचे 1105 झाले. हॉट रॉड म्हणून तिला तेवढे 16 सीसी पुरले.

रिंगचं काम मामांनी तिच्याकडूनच करून घेतलं. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली ढकलायची, मग तोंडाच्या फटीत फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालायचं. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांवर चढतात आणि रिंग तुटते. आम्हाला 0.30 ठेवायची होती. आधी त्यांनी एक जुनी रिंग दिली आणि ती बारीक कानशीनं घासून दाखवायला लावली. कानस एकाच दिशेला, बाहेरून आत. जुनीवर हात बसल्यावरच नवी दिली. बारा रिंगांना दोन दुपारी लागल्या. त्यांचा एक कारागीर म्हणाला, “मामा, आपण पंधरा मिनिटांत केलं असतं.” मामा म्हणाले, “तुला यायला लागलंय, तिला यायचंय.”

घरी जाताना त्यांनी मला वेगळं बजावलं. होनिंगनंतर (दगडानं बोअरच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा पाडल्यावर) ब्लॉक नुसता रॉकेलनं धुऊ नका. त्या तिरक्या रेघांत दगडाची बारीक पूड अडकते आणि ती राहिली तर नव्या रिंगा लगेच खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत धुवायचं. आम्ही अंगणात पाच वेळा धुतला. चार वेळा फडकं राखाडी निघालं. पाचव्यांदा निघालं ते मी उन्हात धरून बघितलं आणि लगेच ऑइल चोळलं, कारण कोरड्या बिडाला डोळ्यांदेखत गंज धरतो.

आता तक्रारी. सांगितलेल्या तारखेपेक्षा काम नऊ दिवस उशिरा मिळालं, आणि फोन करून कळवण्याची पद्धत नाही. आपणच विचारायचं. छापील बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. बायकांना जायला स्वच्छतागृह नाही, त्यामुळं दिवसभर थांबायचं तर अडचण होते. मी मामांना हे स्पष्ट बोलले आणि ते वरमले. शेडमध्ये ग्राइंडिंगची धूळ असते, मास्क न्या.

खर्च असा आला: बोअरिंग आणि होनिंग 2,000, क्रँक 0.25 अंडरसाइजला (तेवढे मिलिमीटर बारीक) ग्राइंड 2,200, हेड फेसिंग आणि आठ व्हॉल्व्ह सीट 1,900. पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट आपले आपण आणायचे. तीन मेन बेअरिंगांचा छोटा क्रँक आहे म्हणून तेवढ्यात झालं, असं ते म्हणाले. मला दर रास्त वाटले.

इंजिन बसवून पहिल्यांदा चालू करायला गेलो तो रविवार होता. स्टार्टर फिरायचा, कार्ब्युरेटरमधून ठसका यायचा, बस. प्लगच्या वायरी 1-3-4-2 या ठिणगीच्या क्रमानं बरोबर होत्या, सईनं तीनदा बघितलं. शेवटी मामांना फोन केला. ते कुठल्या तरी लग्नात होते, मागं वाजंत्री ऐकू येत होती. म्हणाले, “एक नंबर वर आला की त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद हायत का बघ. नसतील तर डिस्ट्रिब्युटर उलटा बसलाय.” दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो, ठिणगी त्यातल्या एकदाच लागते, आणि आम्ही नेमकी चुकीची फेरी धरली होती. सईनं प्लगना पाळीपाळीनं ठिणगी पाठवणारा तो डिस्ट्रिब्युटर काढून अर्धा फेरा वळवला. मी चावी फिरवली.

तो अण्णांचाच आवाज होता. गोठ्यातली म्हैस दचकून उठली. सई बॉनेटपाशी हात तसेच काळे घेऊन उभी होती आणि मला गाडीतून उतरायला सुचेना. फोन चालूच होता. पलीकडून मामा म्हणाले, “रेस करू नगासा, ऑइलचा दिवा विझला का तेवढं सांगा.”

विझला होता.

दुकान सोमवारी बंद असतं. सकाळी दहानंतर जा. आधी पूर्ण इंजिन घेऊन जाऊ नका, ब्लॉक मोकळा करून धुऊन न्या. पहिले 500 किलोमीटर 50 च्या वर पळवू नका, मग थंड इंजिनावर हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमानं पुन्हा आवळून घ्या, असं मामांनी सांगितलंय. आमचे आज सकाळपर्यंत 412 झालेत. टॉर्क पाना मामांचा आहे, पण आवळणार सई.