सुपर कबचे लांब पंख: दुसऱ्या हिवाळ्यातला हिशेब

विमानाच्या पंखांवर घालायच्या नव्या कव्हरांचं बिल काल आलं, म्हणून लिहायला बसलो. हेच उन्हाळ्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

विमान पायपर पीए-१८, म्हणजेच सुपर कब, दीडशे हॉर्सपॉवरचं, अलास्कात पामरच्या विमानतळावर उघड्यावर बांधलेलं. निम्मं माझं, निम्मं भागीदाराचं. तो इथलाच, निवृत्त मेकॅनिक, आणि तपासून सही करायचा अधिकार असलेला, म्हणूनच हा उद्योग परवडला. कबची ओळख करून देत बसत नाही, १९४९ पासून उडतंय. या विमानाच्या पंखांवर कापड ताणलेलं असतं. आमच्या जुन्या पंखांचं कापड पंच टेस्टला, म्हणजे टोचून मजबुती बघायच्या चाचणीला, नापास झालं. आत पाहिलं तर तीन-चार रिब्जही, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्याही, वाकलेल्या. भागीदार म्हणाला, कापड काढतोच आहोत तर पंखच बदलू. 'उघडलंच आहे तर' हे वाक्य घराच्या दुरुस्तीत जितकं महाग पडतं तितकंच इथेही पडलं.

घेतलं ते असं: प्रत्येक बाजूला साधारण दीड फूट जास्त लांबी, गोल टोकांऐवजी चौकोनी टोकं, लांब फ्लॅप (मागच्या कडेच्या, उतरताना खाली करायच्या झडपा), एलरॉन (विमान कलवायच्या झडपा) बाहेरच्या बाजूला सरकवलेले आणि पुढच्या कडेला, मधे फट सोडून, कायमचे बसवलेले स्लॅट, म्हणजे अरुंद पट्ट्या. एसटीसी, म्हणजे या बदलाला सरकारी मंजुरी, असलेला संच, त्यामुळे मोठ्या बदलाच्या नोंदीचा ३३७ चा फॉर्म आणि नवं वेट अँड बॅलन्स (वजन आणि तोलाचा हिशेब) केलं की कागदाचं काम संपतं.

कंपनीचं नाव घेत नाही, पण अनुभव सांगतो. जाहिरातीत 'शिपिंग मोफत' आणि खाली मुंगीच्या अक्षरात 'फक्त खालची ४८ राज्यं', म्हणजे अलास्का आणि हवाई सोडून. अलास्कात राहणाऱ्याला हे नवीन नाही, तरी प्रत्येक वेळी डोकं फिरतंच. पेटी टॅकोमाहून समुद्रमार्गे अँकरेजला आली, भाडं आम्ही भरलं. उघडली तर स्लॅटचे ब्रॅकेट दोन्ही संच डाव्या पंखाचे. फोन केला तर म्हणाले, फोटो पाठवा. पाठवला, तर म्हणे उलटा धरून बघा. माझ्या भागीदाराचं आयुष्य पत्र्यात गेलंय, त्याला 'उलटा धरून बघा' सांगणाऱ्या माणसाशी पुढचं बोलणं मीच केलं, कारण त्याने केलं असतं तर ब्रॅकेट आजतागायत आले नसते. शेवटी आले, तेही जहाजानेच, आणि ते भाडं परत मिळवायला आणखी महिना गेला.

कापड आम्हीच चढवलं. डेक्रॉनचं हे कापड ताणायला छोटी इस्त्री लागते, आधी २५० अंश फॅरनहाइट आणि शेवटी ३५०. घरची इस्त्री का चालत नाही हे बायकोला समजावलं. तिला ते आनंदाने पटलं. पंख उतरलेच होते, तर लिफ्ट स्ट्रटही, म्हणजे पंखाला खालून धरणारे तिरके दांडेही, बंद तोंडाचे नवे घेतले. जुन्यांची दर २४ महिन्यांनी गंजासाठी तपासणी करावी लागते, ती कटकट गेली. सगळ्या खर्चात मनापासून वसूल वाटलेला खर्च हाच.

आता उडण्याबद्दल. कनिक नदीच्या पात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यावर केबिनसाठी लाकूड घेऊन उतरतो तेव्हा या फ्लॅपची किंमत कळते. पूर्ण फ्लॅप टाकले की नाक खाली, समोर सगळं दिसतंय, आणि विमान इतकं हळू येतं की कुठला गोटा टाळायचा ते ठरवायला वेळ मिळतो. टेकऑफला शेपूट उचलतानाच फ्लॅपच्या दांड्याचा दुसरा नॉच (खाच) ओढला की झालं. खरं म्हणजे पूर्ण उन्हाळा मी ज्याचं कौतुक करत होतो ते लांब फ्लॅपचं होतं. श्रेय मात्र स्लॅटला देत होतो, कारण दिसतात तेच.

मग हिशेब मांडला. मूळ पंखाचं क्षेत्रफळ १७८.५ चौरस फूट. आमची भर सोळा-अठरा. तेवढ्याच वजनाला स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखावरची हवा सुटून उचल जाते तो, क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे पुस्तकातले ताशी ४३ मैल जेमतेम ४१ होतात. फक्त लांबी वाढवून मिळालं ते एवढंच. राहिलेलं फ्लॅप आणि स्लॅट देतात. स्लॅटची गंमत अशी, की पंख नेहमीपेक्षा बराच तिरका धरला तरी हवा सुटत नाही. पण तेवढा तिरका धरून उतरायला गेलं तर शेपटीचं चाक आधी टेकतं! तीन चाकांवर उभं असताना कबचं नाक जेवढं वर असतं, त्याच्या पुढचा सगळा फायदा हवेतच राहतो. तो जमिनीवर आणायचा तर चाकांचे लांब पाय (गिअर) आणि ३१ इंची टायर घ्या. म्हणजे पुन्हा खरेदी. टायर आमच्याकडे होते, गिअर नाही, आणि घेणारही नाही.

जाहिरातीतल्या आकड्यांबद्दलही एक. एवढ्या तिरक्या अवस्थेत वेग मोजणारी पिटो नळी हवेला सरळ सामोरी नसते, त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. 'पंचवीस मैलाला उडतं' म्हणणाऱ्याला जीपीएसचा आकडा विचारा, वारा नसताना, दोन्ही दिशांना. आणि या पंखाला स्टॉलचा झटका बसत नाही. नाक वर, समोर फक्त आकाश, आणि विमान गुपचूप खाली बसत जातं. पॉवर नसेल तर वेगाने बसतं. व्हॅल्डीजच्या मे महिन्यातल्या, कमीत कमी जागेत उडण्या-उतरण्याच्या स्पर्धेत लोक हे करतात ते हलकं केलेल्या विमानात, सरावाने. मागच्या सीटवर लाकूड असताना करायचं काम नव्हे.

तोटे पटकन: क्रूझला, म्हणजे सरळ प्रवासात, ताशी चार-पाच मैल गेले. एलरॉन जड, वळायला आळशी, पायाने रडर जास्त द्यावा लागतो. पामरला हिवाळ्यात मातानुस्काचा वारा सुटला की लांब पंख दोर ताणतात, म्हणून बांधायचे दोर जाड घेतले.

आणि आता थंडी. ज्यांचं विमान हँगरमध्ये असतं त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, बाकीच्यांनी दोनदा वाचावा. पंखावर पीठ भुरभुरल्याएवढं दंव असलं तरी उडायचं नाही, म्हणून रात्री कव्हरं घालायची. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, विमानाला पांघरूण? हो, आणि आता ते अपुरं. जुनी कव्हरं पस्तीस फुटी पंखाची. टोकं उघडी राहतात, आणि नेमके तिथेच एलरॉन. मी जुन्याच कव्हरांना ठिगळं जोडली, एक हिवाळा काढला. पण खरा त्रास स्लॅटच्या मागच्या फटीचा. कव्हर स्लॅटवरून ताणलं जातं, फटीत जात नाही. बारीक बर्फ वाऱ्याबरोबर आत शिरतो, दुपारी जरा ऊन लागलं की ओला होतो आणि रात्री घट्ट. सपाट पंखावर दोर ओढून दंव निघतं. इथे बोट जात नाही. रंगाचा लांब ब्रश, मग हीटरची गरम हवा, मग पुन्हा ब्रश, कारण वितळलेलं पाणी मागे जाऊन एलरॉनच्या बिजागरीत गोठतं. उजेड जेमतेम सहा तासांचा, त्यातला एक त्या फटीत जातो. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, हँगर वापरा. पामरला हँगरची यादी किती लांब आहे ते त्यांना माहीत नसावं. आणि मिळाला तरी चाळीस फुटी दाराला हा पंख दोन्ही बाजूंना फूटभर सोडून आत जातो.

म्हणून मत बदललंय. उघड्यावर ठेवणाऱ्याने लांब फ्लॅप घ्यावेत, चौकोनी टोकं घ्यावीत, स्लॅट घेऊ नयेत. त्याऐवजी पंखावर चिकटवायचे व्हॉर्टेक्स जनरेटर (हवा पंखाला धरून ठेवणारे छोटे पत्रे) घ्या असं म्हणणार होतो. स्वस्त आहेत, स्टॉलचा वेगही थोडा उतरवतात. पण शेजारच्या टाय-डाउनवाल्याची (शेजारी उघड्यावर विमान बांधणाऱ्याची) कव्हरं त्याच्या जनरेटरांत अडकून फाटलेली पाहिली, तेव्हा तेही तुमचं तुम्ही बघा. स्लॅट काढून टाकायचा विचार भागीदारासमोर मांडला होता. पुन्हा ३३७, पुन्हा वेट अँड बॅलन्स म्हणाला, आणि कॉफी ओतायला गेला.

जुने पंख शेडमध्ये आहेत. स्पार (पंखातले मुख्य आडवे दांडे) चांगले, काही रिब्ज वाकड्या, कापड नाही. हवे असतील तर भाव करू. पामरहून स्वतः येऊन न्यावे लागतील, शिपिंग नाही.