टर्नबकल संच: निळ्या रंगावर जाऊ नका

दिवसभर डिचोलीच्या एका गॅरेजात लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करायची आणि रविवारी स्वतःच्या रिमोट कारची मुद्दाम वाकडी करायची, असा माझा उद्योग. गाडी १:१० ची टूरिंग, म्हणजे रस्त्यावरच्या कारच्या एक दशांश मापाची. किटमधले स्टिअरिंगचे दांडे ठरावीक लांबीचे होते, प्लास्टिकचे. म्हणून स्टीलचा टर्नबकल संच, म्हणजे लांबी बदलता येणारे दांडे, ऑनलाइन मागवला. दोन दांडे, त्यांच्या टोकांना लागणारे चार बॉल एंड, ते ज्यावर बसतात ते गोल डोक्याचे बॉल स्टड आणि पातळ वॉशर. निळा ॲल्युमिनियमचा संच दिसायला देखणा, पण तो भिंतीला लागला की वाकतो. मी साधा काळा घेतला.

दांड्याच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. त्यामुळे काहीही न उघडता पान्याने मधोमध फिरवलं की लांबी बदलते. आटे ३ मिमीचे, पिच ०.५, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात लांबी १ मिमीने कमीजास्त. माझ्या गाडीत पाव फेऱ्यालाच चाक पाऊण अंशाच्या आसपास हलतं. बसवताना दोन्ही दांड्यांचे उलटे आटे गाडीच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दर वेळी कुठल्या दिशेने फिरवायचं ते आठवत बसाल. आणि आधी रिमोट चालू करून ट्रिम (चाकांचा मध्य किंचित सरकवणारं बटण) शून्यावर आणा, सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) मध्यावर येऊ द्या. मगच चाकांना हात लावा.

मोजायला वर्नियर पुरतो. टायरचा व्यास ६५ मिमी धरला, तर एक अंश म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत साधारण १.१ मिमीचा फरक. भाचा म्हणतो, ‘मामा, खेळण्याला एवढं कशाला?’ पंचायतीच्या सिमेंटच्या कोर्टावर त्याच्याच हातात रिमोट दिला. पुढची चाकं पुढून एक अंश बाहेर: गाडी हात लावताच वळते. तेवढीच आत: सरळीवर शांत, पण वळणात शिरताना कुरकुरते. छोट्या, वळणावळणाच्या कोर्टाला मला बाहेरचीच आवडली.

वॉशर फेकू नका, खरी गंमत त्यांच्यात आहे. शॉकची स्प्रिंग काढा आणि चाक वर-खाली करून बघा. त्याचं तोंड फिरत असेल तर उसळी बसली की गाडी आपणहून वळणार. बॉल स्टडखाली एकेक वॉशर घालत ते कमी करता येतं. हे काम किचकट आहे, पण संचाचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात. ॲकरमनसाठी, म्हणजे वळताना दोन चाकांच्या कोनातल्या फरकासाठी, मात्र यात काही नाही. आतलं चाक बाहेरच्यापेक्षा किती जास्त वळावं हे स्टिअरिंग प्लेटच्या भोकांवर ठरतं, दांड्याच्या लांबीवर नाही. १८१८ साली लंडनमध्ये पेटंट झालेली ती घोडागाडीची युक्ती अजून तशीच चालते.

तक्रारी दोन. पावसाळ्यात आट्यांवर गंज धरतो, किंचित ग्रीस लावून पुसून ठेवावं लागतं. आणि बॉल एंड सुरुवातीला इतके घट्ट की चाक हलेना. पक्कडीने हलके दाबून मोकळे केले. पुढे चिऱ्याची तांबडी धूळ शिरली की तेच ढिले पडतात, आणि ढिल्या सांध्यावर अंश मोजण्यात अर्थ नाही. तेव्हा संचासोबत जादा बॉल एंडचं एक पाकीट मागवाच. माझे दांडे अजून सरळ आहेत, बॉल एंड मात्र बदलून झाले.