रामकुंड की ब्रह्मगिरी?

नाशिकला येणारे पाहुणे विचारतात, वेळ एकाच ठिकाणासाठी आहे, कुठे जावं? गोदावरी दोन्हीकडे एकच आहे, पण भेटते वेगवेगळी.

रामकुंडावर ती माणसांची असते. अस्थी घेऊन आलेलं कुटुंब, ओल्या धोतरातले गुरुजी, द्रोणातला दिवा. दुःख घेऊन आलात तर इथेच या, कारण शेजारी उभा असलेला अनोळखी माणूसही तेच सोसत असतो. काठ मात्र सिमेंटचा झाला, त्याचं वाईट वाटतं.

त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी साधारण तीस किलोमीटरवर, उंची सुमारे १,२९५ मीटर. चढताना दम लागतो, बोलणं आपोआप थांबतं. १,४६५ किलोमीटर वाहणारी नदी इथे कातळातून थेंबाथेंबाने पाझरते. त्या गार दगडाला मी तळवा टेकवला आणि हात जोडायचं विसरूनच गेले. याच डोंगरातल्या गुहेत ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ निवृत्तिनाथ यांना त्यांचे गुरू गहिनीनाथ भेटले, असं वारकरी मानतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला, म्हणजे प्रदक्षिणेला, तुफान गर्दी असते, तो दिवस टाळा.

माझा कौल ब्रह्मगिरीला. आईच्या अस्थी मात्र मी रामकुंडातच सोडल्या.