ट्रॉली बॅग, बरेच महिने वापरल्यावर: चाकाचं नंतर बोलू, आधी ती उघडायची कुठे ते सांगा

चाक तुटलं म्हणून लिहायला बसले आहे, पण चाकाबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. चाकं तुटतातच. मला बोलायचं आहे ते बॅग उघडण्याबद्दल, आणि त्याविषयी एकाही रिव्ह्यूत कुणी अक्षर लिहिलेलं सापडलं नाही. चाकं किती गुळगुळीत फिरतात, रंग फोटोतल्यासारखाच आहे, डिलिव्हरी वेळेत आली, पाच स्टार. अहो, रिकामी बॅग दिवाणखान्यात फिरवून पाहिलीत, त्यात तिची काय परीक्षा झाली?

बॅग मीडियम, पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लॅस्टिकची, चार चाकी, आकडी कुलूपवाली. सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आत पडली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या बाबतीत सगळ्या कंपन्या सारख्याच आहेत.

आम्ही दोघं इंदूरचे. हे बँकेतून निवृत्त झाले आणि राहून गेलेल्या गाठीभेटी सुरू झाल्या. ग्वाल्हेरला नणंद, बडोद्याला माझी मावशी, भोपाळला धाकटे दीर, पुण्याला लेक. शिंदे, होळकर, गायकवाड अशी तिन्ही संस्थानं आमच्याच नात्यात वाटून घेतली आहेत असं लेक म्हणते. हॉटेलात उतरायचा प्रश्न येत नाही. एक तर यांच्या खिशाला चालत नाही, आणि चाललं तरी वन्सं आयुष्यभर ऐकवतील.

गोम इथेच आहे. ही कडक बॅग हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी केलेली आहे, नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांसाठी नाही.

जुन्या कापडी बॅगेला झाकण असतं. भिंतीला टेकवून उभं करायचं, हात घालून टॉवेल काढायचा, झाकण पाडायचं. कडक बॅग मधोमध चिरलेली असते. आडवी टाकून चेन फिरवली की दोन सारखे भाग दोन्हीकडे पसरतात आणि नव्वद सेंटिमीटरहून जास्त रुंदीची जमीन अडवतात. एका भागाला जाळीचं झाकण, दुसऱ्याला नुसते पट्टे. अर्धीच उघडून हात घालावा तर आतलं सगळं चेनवर येऊन पडतं.

आता ग्वाल्हेरचं घर डोळ्यासमोर आणा. लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजच्या आतल्या गल्लीत. घर जुनं. आम्हाला नेहमी मधली खोली मिळते, आणि मधली खोली म्हणजे स्वयंपाकघराचा रस्ता. बॅग उघडली की रस्ता बंद. वन्सं चहा घेऊन येताहेत, त्यांची सून कुकर लावायला जातेय, नातू पळतोय, आणि मध्ये आमचा संसार दोन भागांत पसरलेला. यांची बनियनसुद्धा सगळ्या घरानं पाहिली. तेवढ्यावर निभावलं असतं, पण येताना भोपाळला दिरांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं आणि तिच्यासाठी घेतलेली माहेश्वरी साडी वरच होती. वन्सं थांबल्या. "ही कुणाला गं?" त्यांच्यासाठी आणलेली ओढणी मी सकाळीच देऊन झाले होते. ओढणीही माहेश्वरीच, पण साडी ती साडी. पुढचे दोन दिवस घरात ओढणीचा विषय निघाला नाही, आणि निघाला नाही हेच मला कळत होतं.

झाकणाच्या बॅगेत साडी तळाशी राहते. एवढंच माझं म्हणणं आहे.

गाडीत तर आणखी गंमत. आम्ही थ्री एसीनं जातो. हे बँकेतले असल्यामुळे नियम आधी वाचतात. रेल्वेच्या नियमात थ्री टियर एसीच्या डब्यात न्यायच्या बॅगेचं माप ५५ बाय ४५ बाय २२.५ सेंटिमीटर दिलं आहे. आमची बॅग उभी ६८ सेंटिमीटर. टेप लावून पाहिल्यावर यांना रात्रभर तपासनीस आल्याची स्वप्नं पडली. प्रत्यक्षात अख्खा डबा याहून मोठ्या बॅगांनी भरलेला होता आणि कुणी टेप काढला नाही. वजनाला थ्री एसीत माणशी चाळीस किलो मोफत आहेत, ते आम्हाला नेहमी पुरतात.

पण बर्थखाली ती आडवी ढकलायची, आणि पहाटे शाल हवी झाली की पूर्ण बाहेर ओढून, समोरच्या माणसाचे पाय वर घ्यायला लावून, दोन बर्थच्या मध्ये उघडायची. दोन भागांना तिथे जागाच नाही. एक भाग माझ्या मांडीवर, एक जमिनीवर. मालवा एक्स्प्रेसमध्ये शेवटी मी कुडकुडत बसणं पसंत केलं. उभी ठेवावी तर चारही चाकं मोकळी फिरतात, ब्रेक लागला की बॅग आपली आपण बाथरूमकडे निघते. यांनी चाकाखाली चप्पल अडकवली. चाकांना ब्रेक असलेल्या बॅगाही मिळतात, पण त्या महाग, म्हणून चप्पल.

कुलपाचं थोडक्यात. आकड्यांच्या बाजूला चावीचं भोक आहे आणि सोबत चावी दिलेली नाही, त्यावरून लोक चिडून एक स्टार देतात. त्या भोकाची चावी आपल्याला मिळतच नाही. अमेरिकेतल्या विमानतळांवर तपासणी करणाऱ्यांसाठी ते असतं. इंदूर-भोपाळ करणाऱ्यांनी तिकडे बघू नये. आकडा यांनी २७० ठेवला होता. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे, त्यात बागेची लांबी २७० हात अशी शून्यासकट कोरलेली आहे. शून्य लिहिलेलं इतकं जुनं उदाहरण बघायला लांबून अभ्यासक येतात. यांना ते पाहून इतका आनंद झाला की तिथल्या तिथे आकडा बदलला आणि सगळ्या नातेवाइकांना सांगितला. आता पुन्हा बदलला आहे, तो मला सांगितलेला नाही.

इथवर वाचून वाटेल की बॅग टाकाऊ आहे. मलाही तसंच वाटत होतं, आणि हा रिव्ह्यू मी एका स्टारवर संपवणार होते. मग गजक आली.

थंडीत ग्वाल्हेरहून गजक न आणता इंदूरला परत येणं म्हणजे शेजारपाजाऱ्यांशी वैर. मुरैनाची गजक खरी, असं ग्वाल्हेरवालेही खासगीत मान्य करतात. तीळ-गूळ कुटून केलेली ती पापुद्र्याची गजक इतकी खुसखुशीत असते की तिच्याकडे मोठ्यानं बघितलं तरी तुटते. कापडी बॅगेतून आजवर आम्ही चुराच आणला. वरच्या बर्थवरचा कुणीतरी बॅगेवर पाय देऊन चढतो आणि संपलं. या वेळी खोकी कडक बॅगेच्या जाळीवाल्या भागात, भोवती स्वेटर कोंबून ठेवली. घरी येऊन उघडली तर एकूण एक वडी अख्खी! शेजारच्या काकूंनी विचारलं, इथेच सराफ्याच्या खाऊगल्लीतून घेतलीत का? हा माझ्या लेखी एक पूर्ण स्टार आहे, कितीही कुरकुर केली तरी.

त्याआधी श्रावणात बडोद्याला गेलो होतो, तेव्हाही बॅगेनं एक काम चोख केलं होतं, फक्त रागाच्या भरात मी ते मोजलं नव्हतं. स्टेशन ते दांडिया बाजार रिक्षात पाऊस नुसता आडवा येत होता आणि बॅग निम्मी बाहेर. कवचातून थेंब आत गेला नाही. चेनीच्या रेषेवरून मात्र झिरपलं. दोन भाग जिथे मिळतात तिथेच चेन, आणि चेन पाणी अडवत नाही. यांच्या लेंग्याच्या कडा ओल्या झाल्या, माझे कपडे वरच्या भागात कोरडे. तेव्हापासून पावसाळ्यात यांचा भाग खाली.

परतीच्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. कमाटी बाग स्टेशनापासून जवळ, तिथलं संग्रहालय बघायचं ठरलं. क्लोक रूमला पैसे कशाला, म्हणून बॅग सोबत. बागेच्या फरसबंद वाटेवर चार चाकं खरोखर एका बोटानं पळतात, हे मान्य. खडीवर आली की अडून बसतात, मग दोन चाकांवर तिरकी ओढायची. मी आत जाऊन सयाजीरावांच्या काळातलं, १८९४ मध्ये पुरं झालेल्या इमारतीतलं ते संग्रहालय पाहून आले, त्यातली इजिप्तची ममी आणि देवमाशाचा अख्खा सांगाडा पाहिला. तोवर हे बाहेर बॅगेवर बसून होते. मग मी बसले, हे आत गेले. दोघांच्या वजनानं कवच आत दबलं आणि उठल्यावर टप्प आवाज करून परत वर आलं, चरा नाही. एबीएस प्लॅस्टिकची स्वस्त बॅग असती तर तडा गेला असता. घेताना डब्यावर पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिप्रॉपिलीन लिहिलं आहे ना, एवढं नक्की बघा.

मावशीनं दिलेल्या लीलो चेवड्याचं तेल मात्र अस्तराला लागलं ते लागलंच. लीलो चेवडा ओलसर असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचं तेल राहत नाही, पाझरतं. अस्तर काढून धुता येत नाही. बॅग उघडली की अजून बडोद्याचा वास येतो. यात बॅगेचा दोष निम्मा, मावशीच्या मायेचा निम्मा.

आता चाक. ग्वाल्हेर स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर यांनी कुली करू दिला नाही, बॅग धप्‌धप् खाली उतरली आणि मागचं डावं चाक घरंगळत पुढे गेलं. इंदूरला आल्यावर सर्व्हिस सेंटर. तिथला मुलगा म्हणाला, वॉरंटी मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला आहे, हे वेअर अँड टेअर. यांनी चाक काउंटरवर ठेवलं: रबर नवं आहे, झिजलेलं काय आहे ते दाखव. उपटला आहे तो रिव्हेट, म्हणजे चाक ठोकून बसवायची खीळ. मुलगा म्हणाला, मग हे रफ हँडलिंग. म्हणजे चाक झिजलं तरी नाही आणि न झिजलं तरी नाही. मग कस्टमर केअर. बिल पाठवा, फोटो पाठवा, चाकाचा वेगळा फोटो पाठवा, बिलावरचं विक्रेत्याचं नाव आमच्या यादीत नाही. शेवटी उत्तर आलं की चाकं जोडीनंच मिळतील, पैसे पडतील, आणि बॅग तीन आठवडे जमा करावी लागेल.

यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. निवृत्त माणसाला वेळ असतो हे कंपन्यांना अजून कळलेलं नाही. तक्रारीनंतर फोनवरचा सूर एकदम "सर" वर आला. चाक फुकट देतो म्हणाले, आलं नाही. त्याऐवजी नवीन बॅगेवर सवलतीचं कूपन आलं. यांनी त्यालाही लेखी उत्तर दिलं आहे, ते इथे देत नाही.

दरम्यान राजवाड्याजवळच्या गल्लीत बॅगा दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडे मी गेले. त्यानं आतल्या अस्तराची चेन उघडली (अशी चेन आहे हे मला तेव्हा कळलं), तुटलेला रिव्हेट ड्रिलनं काढला आणि म्हणाला, "दीदी, कंपनी रिपिट मारती है, मैं नट-बोल्ट लगाता हूँ. अगली बार घर में खुद कस लेना." दोन्ही मागची चाकं बदलून दीडशे रुपये. चाकं मूळच्यापेक्षा किंचित मोठी आहेत, त्यामुळे बॅग पुढे झुकून उभी राहते, पण ती आता गाडीत पळत नाही. चप्पल मोकळी झाली.

तर घ्यायची असेल तर दुकानात जाऊन अस्तर उघडून बघा. चाकं स्क्रूनं बसवली असतील तर घ्या, रिव्हेटची असतील तर भाव पाडा. आणि कडक कवच असूनही वरून झाकणासारख्या उघडणाऱ्या बॅगा हल्ली मिळायला लागल्या आहेत. नातेवाइकांकडे उतरत असाल तर तीच घ्या, रंग कसाही असो.

डिसेंबरात तानसेन समारोहाला पुन्हा ग्वाल्हेरला जायचं आहे. कपडे जुन्या कापडी बॅगेत न्यायचे आणि ही रिकामी, फक्त येताना गजकेसाठी, असं मी ठरवलं आहे. साडेतीन किलोची रिकामी बॅग वाहून न्यायची हे यांना पटत नाही. जाताना तिच्यात वन्संसाठी काहीतरी भरून न्या, म्हणतात. साडी न्यावी लागेल.