'१९५०ची शेवी' सांगून ३२,५०० डॉलर घेतले. अशा विक्रेत्यांपासून सावध राहा

ओक्लाहोमातल्या एका विक्रेत्याने '१९५०ची शेव्हरोले ३१०० (म्हणजे शेवी पिकअप), सगळं मूळचं, पार सांगाड्यापासून नवी केलेली' असं सांगून माझ्याकडून ३२,५०० डॉलर घेतले. ५,००० आगाऊ, २७,५०० वायरने, म्हणजे बँकेतून थेट त्याच्या खात्यात. टेक्सासपर्यंत आणायचं भाडं १,१५० वेगळं. वायरने पैसे देऊ नका, ते परत येत नाहीत.

पदरात काय पडलं? केबिनचे खालचे कोपरे गंजून गेलेले, त्यावर बोटभर पुट्टी, वर हिरवा चकचकीत रंग. इंजिन २१६ घनइंची म्हणून विकलं, निघालं २३५. दुरुस्तीचा अंदाज १४,८००.

आणि ते दार! १९५०च्या शेवीचं हँडल खाली वळवावं लागतं. बटणाचं हँडल आलं १९५२ला, पुढची छोटी फिरती काच १९५१ला. त्याच्या अंगणात मी ते बटण दाबलं, आत बसलो, ती छोटी काच स्वतःच्या हाताने बाहेर ढकलली. विचारलं तर म्हणाला, "फक्त दारं बदललीत." शेतावर राबलेल्या गाडीची दारं बदलतातच, त्यात संशय कसला घ्यायचा? मग खिशातून चुंबक काढलं (पत्र्याला ते चिकटतं, जाड पुट्टीला नाही), तर याने माझा हातच धरला. रंगाला ओरखडा येईल म्हणे! कापडात गुंडाळून लावतो म्हटलं, तरी नाही. त्याच क्षणी निघायला हवं होतं. आजही रात्री तो धरलेला हात आठवतो आणि डोकं फिरतं. पण नव्या रंगाला मालक जपणारच, असं कुणालाही वाटलं असतं. खोटं तो बोलला.

चुंबक लावू देत नसेल तर गाडी घेऊ नका. बस्स.

डाव्या दाराच्या बिजागरीपाशी नंबराची प्लेट असते. 'एचपी' अक्षरं म्हणजे १९५०, 'जेपी' १९५१, 'केपी' १९५२. माझी प्लेट एचपी, टायटलवरही (मालकीच्या कागदावरही) तोच नंबर, म्हणून मी निर्धास्त. ती प्लेटच दुसऱ्या केबिनवरून काढून नव्या स्क्रूंनी बसवलेली निघाली. स्क्रू नीट बघा.

तक्रारीचं तर विचारूच नका. तिथला शेरीफ म्हणतो, हा दिवाणी वाद. इथले पोलीस म्हणतात, व्यवहार दुसऱ्या राज्यातला. बँक म्हणते, सही तुमचीच. ग्राहक खात्याने अर्ज मिळाल्याचं पत्र धाडलं आणि गप्प बसलं. आणि ज्या नोंदणी कार्यालयात मी स्वतःहून प्लेटची हकिगत सांगितली, त्यांनी काय केलं? माझीच नोंदणी अडवली! चोराला हात लावायला कुणाला सवड नाही. प्रामाणिकपणे बोलणाऱ्याच्या फायलीवर मात्र लगेच शिक्का. मी कर भरतो तो यासाठी? वकील आधी ३,५०० मागतो, आणि पावतीवर 'जशी आहे तशी' हे शब्द आहेत, म्हणून खात्री काहीच देत नाही. ते शब्द दिसले की सही करू नका.

तो माणूस अजून धंदा करतोय. आता १९५३ची फोर्ड एफ-१०० पिकअप विकायला लावली आहे, ३८,९०० डॉलरला. रंग तोच हिरवा.