पीपीडीबी: औषध भूजलात उतरेल का हे बघायला चांगली साइट, पण शेवटचा शब्द नाही

फवारलेलं औषध मातीतून झिरपत विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचेल का, असा प्रश्न आला की मी आधी हर्टफर्डशायर युनिव्हर्सिटीचा पेस्टिसाइड प्रॉपर्टीज डेटाबेस, म्हणजेच पीपीडीबी, उघडतो. बघायला फुकट आहे, फक्त डब्यावरचं ब्रँडचं नाव टाकू नका, आतल्या घटकाचं टाका.

पान भलतं लांब आहे, नवीन माणूस गांगरतो, पण दोनच आकडे आधी गाठायचे. डीटी50, म्हणजे मातीतलं निम्मं औषध संपायला लागणारे दिवस, आणि केओसी, म्हणजे ते मातीतल्या सेंद्रिय कर्बाला किती घट्ट धरून बसतं. या दोन्हींवरून गस इंडेक्स, म्हणजे औषध झिरपण्याचा अंदाज देणारा आकडा, निघतो, गुस्ताफसनचं 1989 चं सूत्र आहे, डीटी50 चा लॉग (10 च्या पायाचा) काढायचा आणि 4 मधून केओसीचा लॉग वजा करून जे येईल त्याने गुणायचं. 2.8 च्या वर गेलं तर झिरपणारं, 1.8 च्या खाली तर सहसा नाही, मधलं अधांतरी. समजा 100 दिवस आणि केओसीही 100, तर 2 गुणिले 2, आले 4, इथे सावध व्हायचं. 10 दिवस आणि 1000 असेल तर 1 च येतो.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे आकड्याशेजारी त्याचा दर्जा दिलेला असतो, 5 म्हणजे पक्का तपासलेला, 1 दिसला की त्यावर विसंबायचं नाही. विघटनातून तयार होणारे पदार्थही दिलेत आणि ते बघाच, कारण अॅट्राझिन हे तणनाशक युरोपियन युनियनने 2004 मध्ये नाकारलं तरी त्याच्यापासून बनणारं डीइथाइल अॅट्राझिन तिथल्या भूजलात नंतरही सापडत राहिलं.

आता खटकणारी गोष्ट. गसमध्ये तुमची माती नाही, पाऊस नाही, डोस नाही, पाणी किती खोल आहे तेही नाही. चिकण मातीला भेगा पडल्यात आणि फवारणीनंतर लगेच जोराचा पाऊस आला तर भेगांतून, गांडुळांच्या बिळांतून घट्ट चिकटणारं औषधसुद्धा खाली जातं आणि लोक मात्र कमी गसचा स्क्रीनशॉट सर्टिफिकेटसारखा दाखवतात, हे फार वाईट आहे हो, पाणी पिणारी माणसं आहेत तिथे! जागेचा खरा अंदाज हवा तर मातीचे थर आणि पावसाची माहिती घेणारं पर्ल किंवा पेल्मोसारखं कॉम्प्युटर मॉडेल लागतं.

पहिल्या चाळणीसाठी 5 पैकी 4. आणि पाणी तपासायला देताना लॅबला किती कमी प्रमाण मोजता येतं ते आधी विचारा, युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे, मशीन तिथवर पोचत नसेल तर 'आढळले नाही' या रिपोर्टवरून काहीच कळत नाही.