पिवळी ठिपक्यांची फरशी: चार प्रकार, आणि त्यांतला कोणता घ्यावा

ठिपके पायाला लागले की थांबा, लांब पट्ट्या लागल्या की त्या दिशेने चला. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध माणसासाठी या फरशीची भाषा एवढीच. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये ती शोधली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसवली गेली. आज बाजारात ती चार रूपांत मिळते: काँक्रीटची, पोर्सेलीनची, पॉलियुरेथेनची चिकटवायची, आणि जमिनीत एकेक करून बसवायची स्टीलची बटणे.

निकाल आधीच सांगतो. उघड्यावर काँक्रीट, छताखाली पोर्सेलीन. चिकटवायची फरशी फक्त तिथे, जिथे खालची जमीन फोडताच येत नाही. स्टीलची बटणे दिसायला देखणी, आणि बहुतेक ती त्याच एका कारणासाठी निवडली जातात.

माल कोणताही असो, नमुना हातात आला की आधी कॅलिपर (मिमीपर्यंत नेमके मोजायचे साधन) लावावा. आयएसओ २३५९९ या आंतरराष्ट्रीय मानकात उंचवटा ४ ते ५ मिमी आहे. त्याहून कमी असेल तर जाड तळव्याच्या बुटातून काहीच कळत नाही. जास्त असेल तर चाकाची खुर्ची हादरते आणि पाय उचलून न टाकणारी वयस्क माणसे अडखळतात. मग ठिपके मोजावेत. ३०० मिमी चौरस फरशीवर २५ ठिपके असतील तर एका ठिपक्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ६० मिमी अंतर येते, ३६ असतील तर ५०. दोन्ही चालतात, पण कडेच्या ठिपक्याच्या मध्यापासून फरशीच्या काठापर्यंत याच्या निम्मे अंतर हवे, म्हणजे सांध्यावरही ओळ तुटत नाही. ठिपक्याचा माथा सपाट हवा. गोल घुमटासारखे ठिपके लवकर झिजतात, शिवाय पाय त्यांवर नीट टेकत नाही.

काँक्रीटच्या फरशीची आणखी एक परीक्षा आहे: एक नग सरळ फोडून बघावा. रंग ठिपक्याच्या उंचीपेक्षा खोल गेलेला असेल तर माल घ्यावा. वरून नुसता रंग फासलेला असेल तर वर्दळीत आधी नेमके माथेच उघडे पडतात, आणि पिवळ्या फरशीवर करडे ठिपके उरतात.

रंगाबद्दल थोडे सविस्तर, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. दृष्टी गेलेल्यांपैकी बहुतेकांना थोडेफार दिसत असते. ही माणसे काठीच्या आधी रंगाकडे बघतात. पण ‘पिवळी घेतली म्हणजे झाले’ हे खरे नाही. फरक शेजारच्या फरशीशी लागतो. दोन्ही पृष्ठभागांचे प्रकाश-परावर्तनाचे आकडे (पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत फेकला जातो) घ्यावेत, त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागावे. पिवळी ६० आणि शेजारची गडद करडी १५ असेल तर ४५ भागिले ७५, म्हणजे ६० टक्के, उत्तम. तीच पिवळी ५० आकड्याच्या फिकट बदामी फरशीत बसवली तर १० भागिले ११०, म्हणजे जेमतेम ९ टक्के. किमान ३० टक्के हवेत, आणि जिना किंवा फलाटाच्या कडेसारख्या धोक्याच्या जागी ५०. फिकट जमिनीवर पिवळीपेक्षा काळी किंवा गडद करडी फरशी बरी. तुलना ओली करूनही बघावी, कारण पाण्याने काँक्रीट बरेच काळवंडते आणि गुळगुळीत पोर्सेलीन फारसे नाही.

स्टीलची बटणे याच परीक्षेत नापास होतात. चकचकीत स्टील बघण्याच्या कोनाप्रमाणे कधी लख्ख, कधी काळे दिसते. पॉलिश केलेल्या जमिनीवर वरच्या दिव्यांचे प्रतिबिंब आणि बटण यांत अल्पदृष्टी माणसाला फरक कळत नाही. घ्यायचीच असतील तर माथ्यावर खाचा असलेली आणि रंगीत भरणा असलेली घ्यावीत. गुळगुळीत माथा ओला झाला की पाय घसरतो. आणि ती निखळून जातात एकेक करून. भोक पाडल्यावर धूळ नीट न काढताच इपॉक्सी (कडक होणारा चिकट पदार्थ) भरले की पकड धुळीला बसते, काँक्रीटला नाही.

चिकटवायच्या पॉलियुरेथेनचे दुखणे कडांचे आहे. खालच्या काँक्रीटमध्ये ओल असेल तर चिकट पदार्थ सुटतो, आणि फरशी धुण्याच्या यंत्राचा ब्रश सुटलेला कोपरा बरोबर पकडतो. कोपरा एकदा वर आला की सावध करणारी फरशी स्वतःच ठेच लावते. मूळ पत्रा २ मिमीपेक्षा जाड नको आणि चारी कडा उतरत्या हव्यात.

पोर्सेलीन टिकाऊ, पण खाली पोकळी सोडली तर काही खरे नाही. मसाल्याचे पाच गोळे लावून चिकटवायची सवय इथे महागात पडते. सामानाची ट्रॉली गेली की कोपरे तुटतात. मसाला पूर्ण पाठीला लावावा आणि सुकल्यावर ठोकून ऐकावे. पोकळ वाजली की काढून पुन्हा बसवावी.

बसवण्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम: फरशीचे मूळ अंग शेजारच्या जमिनीशी सपाट, वर फक्त उंचवटे. गवंडी सवयीने लेव्हल ठिपक्याच्या माथ्यावर धरतो, मग अख्खी फरशी ५ मिमी खाली जाते आणि ठिपके खड्ड्यात लपतात. पट्टी अंगावर टेकवून लेव्हल बघावी.

सावधपट्टी, म्हणजे ठिपक्यांची पट्टी, चालण्याच्या दिशेने किमान ५६० मिमी रुंद लागते, म्हणजे ३०० च्या दोन ओळी. एकच ओळ टाकून पैसे वाचवतात, पण चालत्या पावलात ती सहज ओलांडली जाते. जिन्याच्या कडेपासून ३०० मिमी सोडून पट्टी सुरू करावी. अगदी कडेला लावली तर इशारा मिळेपर्यंत पाय खाली गेलेला असतो. वळणावर नुसत्या पट्ट्या वाकवून चालत नाही, तिथे ठिपक्यांचा चौकोन हवा. फरशी कापावीच लागली तर दोन ठिपक्यांच्या मधून कापावी. पट्ट्यांच्या टोकांमध्ये १० ते ३० मिमी फट ठेवावी, नाहीतर पावसाचे पाणी त्यांच्यामध्ये तुंबते. फलाटावर जपानी पद्धतीची एक जोडपट्टी घ्यावी: ठिपक्यांच्या आतल्या, म्हणजे रुळांपासून दूरच्या, बाजूला एक सलग उंच रेघ, जिच्यावरून रूळ कोणत्या अंगाला आहेत ते कळते. इतक्या कमी मालात इतकी मोठी सोय दुसरी नाही.

मार्गपट्टीच्या, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या लांब पट्ट्यांच्या ओळीच्या, दोन्ही बाजूंना ६०० मिमी मोकळी जागा हवी. खांब, कुंड्या, उभ्या दुचाकी यांना ती जागा फार आवडते.

राहिले चेंबरचे झाकण. पट्टी त्यावरून जात असेल तर खोलगट झाकण घेऊन त्यात तीच फरशी बसवावी. दुरुस्तीनंतर चौकोनी झाकण चौथाई वळसा फिरून बसते आणि पट्ट्या आडव्या होतात; काठीला वाटते, रस्ता वळला. झाकणाच्या खालच्या बाजूला आणि चौकटीवर एकेक खूण कोरून ठेवावी, आणि त्याच खेपेतल्या १५-२० फरश्या गोदामात राखून ठेवाव्यात, कारण पुढच्या खेपेचा पिवळा तोच नसतो.